पिंडाला न शिवलेला कावळा : जेमी डेलानो यांची 'हेलब्लेझर'मधील कारकीर्द

एखाद्या लेखकाची चित्रकथा-मालिकेतील 'कारकीर्द' हा शब्दप्रयोग मराठी वाचकास काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे पात्र हे त्याच्या कर्त्याचे असते. फास्टर फेणे भा. रा. भागवतांचा, समर्थ नारायण धारपांचे. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून (ही माला १९६४ ते १९९० अशी चालली) आपल्या घरांत आलेला जादूगार मॅन्ड्रेक हादेखील एका अर्थी ली फॉक यांचाच होता. १९३४ साली त्यांनी तो निर्माण केला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या कथा लिहिल्या. या पासष्ट वर्षांत मॅन्ड्रेकचा एक केसही पिकला नाही. ब्रिटिश व अमेरिकी मासिक चित्रकथांची व्यवस्था मात्र बहुतांशी वेगळी आहे. तेथे पात्राची मालकी प्रकाशनसंस्थेची आणि लेखक हा कुळासारखा असतो. जमीन दुसऱ्याची, कसणूक याची. काही वर्षे तो ती कसतो, पिके काढतो आणि पुढच्या कुळाच्या हवाली करून निघून जातो. त्यामुळे अशा मालिकेचा अभ्यास करताना लेखकाने काय निर्माण केले याच्याच जोडीला त्याच्या हाती काय आले आणि त्याने मागे काय ठेवले, हेही प्रश्न विचारावे लागतात.

प्रस्तुत लेखात 'हेलब्लेझर' या गूढविद्या व भय यांवर आधारलेल्या मालिकेचे पहिले लेखक जेमी डेलानो यांच्या कारकिर्दीचा या प्रश्नांच्या अनुरोधाने विचार करावयाचा आहे. डीसी कॉमिक्सने जानेवारी १९८८ चा पहिला अंक काढला आणि २०१३ साली तीनशेव्या अंकावर ही मालिका थांबली. मधल्या पंचवीस वर्षांत अनेक लेखकांनी ती चालविली. त्यांपैकी डेलानो यांच्याकडे पहिले चाळीस अंक होते. ग्रँट मॉरिसन यांचे दोन, नील गेमन यांचा एक आणि डिक फोरमन यांचा एक असे चार अंक वजा केल्यास डेलानो यांचे छत्तीस उरतात. एप्रिल १९९१ च्या चाळिसाव्या अंकाने त्यांची कारकीर्द संपली.

मालिकेचा नायक जॉन कॉन्स्टंटाईन ही डेलानो यांची निर्मिती नव्हे. ॲलन मूर यांनी स्टीव्ह बिसेट व जॉन टोटलबेन या चित्रकारांसह १९८५ साली 'स्वॅम्प थिंग' या मालिकेत त्याला प्रथम आणले. तेथे तो दुय्यम पात्र होता. सदैव काहीतरी दडवून ठेवणारा, सिगारेट ओढणारा, लिव्हरपूलकडचा हा मांत्रिक भामटा मुख्य पात्राला एका संकटाकडून दुसऱ्याकडे हाकत नेतो, आणि त्या प्रवासात त्याचे जुने मित्र एकेक करून मारले जातात. मूर यांच्या कथानकाला या मृत्यूंची गरज होती, कारण जवळ येणाऱ्या अनिष्टाचे गांभीर्य वाचकाला पटवायचे होते. पण गरज भागताच ती माणसे कथेतून पुसली जातात आणि त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. यात मूर यांचा काही दोष आहे असे नाही, कारण ती मालिकाच दुसऱ्या कोणाची होती. डेलानो यांच्या हाती नायक आला तो मात्र या मृतांसह. वारसा स्वीकारायचा तर मालमत्तेबरोबर कर्जही स्वीकारावे लागते, हा आपल्या व्यवहारातला साधा नियम आहे. डेलानो यांनी तो वाङ्मयात लागू केला, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य श्रेय होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे श्रेय किती मोठे आहे ते कळण्यासाठी भयमालिकेच्या रूपबंधाकडे पाहावयास हवे. आपली सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित भयमालिका म्हणजे वेताळपंचविशी. राजा बोलतो, प्रेत खांद्यावरून सुटून पुन्हा झाडाला लोंबकळते आणि सारे पूर्वस्थितीला येते. गोष्ट संपली की तिचा हिशेबही संपतो. धारपांच्या समर्थकथांची घडण तपशिलात निराळी असली तरी तत्त्वतः याच वळणाची आहे. अप्पा जोशी हे निवेदक, पीडित कुटुंब, वाढत जाणारे अनिष्ट, मग समर्थांचे आगमन आणि निवारण. 'समर्थांचिया सेवका' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच रामदासांच्या मनाच्या श्लोकांतून उचललेले आहे, आणि त्या नावातील आश्वासन बहुतेक कथा पाळतात. समर्थ शुद्ध आहेत आणि शक्तीची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही. पुढची कथा उघडताना अप्पांच्या मनावर मागच्या कथेचा ओरखडा क्वचितच असतो. वाचकाला हवा असलेला निर्धास्तपणा या रूपबंधातून मिळतो. तो तुच्छ लेखण्याचे कारण नाही, कारण दोन-तीन पिढ्यांनी रात्री दिवा चालू ठेवून या कथा वाचल्या आहेत. परंतु त्यांत स्मृतीला फारसे काम उरत नाही, हेही खरे.

डेलानो यांनी स्मृतीला कामाला लावले. पहिल्या दोन अंकांची कथा पाहावी. गॅरी लेस्टर हा कॉन्स्टंटाईनचा व्यसनात बुडालेला जुना मित्र. आफ्रिकेत एका मुलाला ग्रासणाऱ्या भुकेच्या पिशाचाला त्याने बाटलीत कोंडले आहे आणि आता ते न्यूयॉर्कमध्ये सुटले आहे. ते ज्यांना धरते ती माणसे आपापल्या हव्यासाच्या वस्तू खात-खात वाळून मरतात. पिशाचाला पुन्हा कोंडण्यासाठी देह लागतो आणि कॉन्स्टंटाईन त्यासाठी गॅरीचा देह देतो. मित्राला तो समजावतो, धीर देतो, सोबत नेतो आणि त्याला कोंडून ठेवल्यावर त्याच्या किंकाळ्या थांबेपर्यंत वाट पाहतो. रूढ भयकथेत येथे पडदा पडला असता, कारण शहर वाचले आहे. डेलानो यांच्या कथेत मात्र मूर यांच्या कथानकात मेलेले मित्र नायकाभोवती उभे असतात आणि आता त्यांच्यात गॅरीची भर पडते. ही भुते काही करीत नाहीत. ती घाबरवीत नाहीत, सूडही घेत नाहीत. ती नुसती पाहतात. भुताने काहीही न करणे हे इतके परिणामकारक ठरू शकते, हे फार थोड्या भयलेखकांना उमगले आहे.

अकराव्या अंकातील 'न्यूकॅसल' ही कथा या कारकिर्दीचा मध्यबिंदू मानता येईल. मूर यांनी न्यूकॅसलचा उल्लेख करून तेथे काय घडले ते मोघम ठेवले होते. ते कोडे तसेच ठेवणे सोयीचे होते, कारण नायकाचा भूतकाळ धूसर असला की त्याला एक प्रकारचे वलय लाभते. डेलानो यांनी ते वलय काढून घेतले. १९७८ साल आहे. एका क्लबचा मालक आपल्याच लहान मुलीचा तांत्रिक विधींत अत्याचारासाठी वापर करतो. ॲस्ट्रा नावाची ही मुलगी भयापोटी एक भीषण शक्ती जागी करते आणि ती शक्ती अत्याचाऱ्यांना फाडून टाकते. तेथे आलेला पंचविशीतला कॉन्स्टंटाईन विद्येच्या घमेंडीत त्या शक्तीवर सोडण्यासाठी आणखी मोठा पिशाच बोलावतो. पिशाच येतो, काम करतो आणि जाताना मुलीला नरकात ओढून नेतो. बोलावणाऱ्याला त्याचे खरे नाव ठाऊक नव्हते, म्हणजे त्याच्यावर ताबा नव्हता. एवढ्या एका अज्ञानाची किंमत एका निष्पाप मुलीने दिली, आणि कॉन्स्टंटाईनच्या वाट्याला वेड्यांचे इस्पितळ आले. या कथेनंतर त्याच्या विनोदाकडे आणि त्याच्या तुच्छतेकडे वाचकाला पूर्वीसारखे पाहता येत नाही. तो धीट असल्याने हसत नाही. गप्प बसल्यास काय ऐकू येईल ते त्याला माहीत आहे, म्हणून हसतो.

कॉन्स्टंटाईनचे मृत त्याला का सोडत नाहीत, याचे उत्तर कथानकात नाही, ते त्याच्या समाजात आहे. हे स्पष्ट होण्यासाठी जबलपूरच्या ग्वारीघाटाकडे वळणे उपयुक्त ठरेल. शहराच्या दक्षिणेस नर्मदेवर असलेला हा घाट संध्याकाळच्या आरतीसाठी आणि पाण्यावर सोडल्या जाणाऱ्या दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचे रोजचे काम मृतांशी आहे. येथे अस्थी विसर्जित होतात, तर्पण होते. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि तेथील मराठी वस्ती जुनी आहे. मराठी माणसाबरोबर त्याची मृत्यूची रीतही प्रवास करते. दहाव्या दिवशी पिंड मांडायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवला नाही तर मृताची काहीतरी इच्छा राहिली असे मानून नातलग पुढे होतात आणि मोठ्याने आश्वासने देतात. मुलीचे लग्न करून देऊ, धाकट्याला सांभाळू, शेताचा वाद मिटवू. सगळ्यांच्या देखत बोललेले हे शब्द जिवंतांना बांधून ठेवतात. या विधीतली श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्यातली सामाजिक सोय लक्षात घेण्यासारखी आहे. मृतांचे ऋण उघड्यावर, साक्षीदारांसमोर, शब्दांत मांडले जाते आणि त्याला एक शेवट मिळतो. ग्वारीघाटावर भय वाटत नाही, याचे कारण हेच असावे. तेथे मृत्यू उघड्यावर आहे. दिव्यांचे द्रोण विकणारा आहे, दक्षिणेसाठी घासाघीस करणारा आहे आणि मृतांना निरोप देण्याची वेळ ठरलेली आहे.

कॉन्स्टंटाईनपाशी असा घाट नाही. १९८० च्या दशकातील इंग्लंडमध्ये तो भाड्याच्या खोलीत राहतो. नात्यांपैकी एक बहीण आणि भाची जेमा उरली आहेत, आणि गॅरीला आपण काय केले ते मोठ्याने सांगावे असा समुदाय त्याच्याभोवती नाही. त्याचे पिंड रोज मांडलेले आहेत. कावळा येत नाही, कारण द्यायचे आश्वासन त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही.

मालिकेत हे किती खोल जाते ते एकतिसाव्या अंकात दिसते. या आधीच्या अंकांत 'फॅमिली मॅन' नावाने वावरणाऱ्या खुन्याने कॉन्स्टंटाईनच्या बापाचा खून केला आहे. बापलेकांचे कधीच जमले नव्हते. मुलाच्या जन्माच्या वेळी आई गेली आणि बापाने त्याचे खापर आयुष्यभर मुलाच्या माथी फोडले. आता अंत्यविधी होऊनही बापाला गती नाही. त्याचा आत्मा नातीला दिसू लागतो. कारण पोरवयात कॉन्स्टंटाईनने रागाने बापावर करणी केली होती आणि पुढे ती निस्तरण्याच्या धडपडीत बापाचे प्राण एका मेलेल्या मांजराच्या कलेवराशी बांधून ठेवले होते. ही गाठ सोडविणे म्हणजे खरे श्राद्ध. पाद्र्याने म्हटलेल्या प्रार्थनेने ते झाले नाही. मुलाला स्वतःचे कृत्य शोधून, उकरून, नष्ट करावे लागले. माझ्या मते हा अंक डेलानो यांच्या सर्व अंकांत श्रेष्ठ आहे. त्यात पिशाच नाही, जगाचा अंत नाही. एका घरातला राग आहे आणि तो निस्तरायला झालेला उशीर आहे. 'करणी' हा शब्द मराठीत 'कृत्य' आणि 'जादूटोणा' असे दोन्ही अर्थ एकाच वेळी वागवतो. या कथेला तो जणू बेतून शिवल्यासारखा बसतो.

याचा अर्थ डेलानो यांची सारी कारकीर्द या उंचीवर आहे असा नाही. चौदा ते बावीस या नऊ अंकांत चाललेली 'फिअर मशीन' ही दीर्घकथा सुरुवातीला भटक्या तरुणांच्या तांड्याचे फार जिवंत चित्र उभे करते; पण पुढे ती गुप्त मंडळे, सरकारी कारस्थाने आणि पृथ्वीची सुप्त शक्ती यांच्या पसाऱ्यात हरवते. शेवटी स्त्रीतत्त्व आणि पुरुषतत्त्व यांच्या मीलनातून मिळणारे उत्तर सोपे वाटते. जो लेखक एका मित्राच्या मृत्यूचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवतो, तो विश्वाचा हिशेब मात्र ठोकळ मानाने करतो. राजकीय उपरोधाचेही असेच. तिसरा अंक जून १९८७ च्या निवडणुकीच्या रात्री घडतो. थॅचर यांचा पक्ष पुन्हा जिंकत असताना लंडनमधील दलालवर्गात मिसळलेले सैतान आत्म्यांचा सट्टा करीत आहेत. कल्पना चटकदार आहे. पण तिच्यात कॉन्स्टंटाईन स्वच्छ राहतो. दोष सगळा पलीकडच्यांचा आहे आणि तेथे भय पातळ होते. उलट सातव्या अंकापासून पुढच्या कथांत झेड या मैत्रिणीला एका धर्मांध पंथाच्या तावडीतून सोडविण्यासाठी तो स्वतःच्या दूषित झालेल्या रक्ताचा तिच्यावर तिच्या नकळत वापर करतो. येथे राजकारणही आहे आणि अपराधही. अपराध जवळचा असला की डेलानो यांची लेखणी नेमकी चालते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

शैलीविषयी थोडे. डेलानो यांच्या चौकटींतील निवेदन दाट आहे, कधी अतिदाट. चित्र जे दाखविते तेच शब्द पुन्हा सांगतात, हा दोष पहिल्या वर्षभरातील अंकांत जागोजागी आहे. जॉन रिजवे यांची बारीक, खरखरीत रेषा लंडनच्या ओल्या भिंती आणि थकलेले चेहरे इतक्या विश्वासाने काढते की अनेक ठिकाणी निवेदन गाळले तरी चालले असते. तरीही या दाट निवेदनाला एक समर्थन आहे. ते कॉन्स्टंटाईनच्या स्वतःच्या आवाजातले आहे आणि तो आवाज बडबड थांबवू शकत नाही. चाळिसाव्या अंकात डेव्ह मॅक्कीन यांच्या चित्रांत शब्द आणि रंग एकमेकांत विरघळतात आणि कारकिर्दीच्या अखेरीस लेखक सर्वांत जुन्या मृतापर्यंत पोचतो. कॉन्स्टंटाईनला एक जुळा भाऊ होता. गर्भातच, नाळेच्या फासात त्याचा अंत झाला. म्हणजे पहिले ऋण जन्माआधीचेच. तो भाऊ जगला असता तर कसे आयुष्य घडले असते, ते या अंकात दिसते आणि दोघे एकमेकांत मिसळून जातात. शेवट थोडा धूसर आहे, परंतु हिशेबाची पहिली ओळ सापडल्याचे समाधान त्यात आहे.

पुढच्याच महिन्यात, मे १९९१ मध्ये, गार्थ एनिस यांनी सूत्रे हाती घेतली आणि नायकाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याची बातमी दिली. 'डेंजरस हॅबिट्स' ही त्यांची सहा अंकांची कथा मालिकेतील सर्वांत लोकप्रिय कथांपैकी एक आहे. मरणाच्या दारात उभा असलेला कॉन्स्टंटाईन नरकाच्या अधिपतींना आपला आत्मा वेगवेगळा विकतो. तो मेला तर त्यांच्यात युद्ध होईल, म्हणून त्याला बरे करण्यावाचून त्यांना गत्यंतर उरत नाही. युक्ती अफलातून आहे, वाचताना टाळी द्यावीशी वाटते. पण आपल्याकडे कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववतात. एनिस यांच्या युक्तीचे स्वरूप तसे आहे. विधी पार पडतो, भुकेली मंडळी जेवायला उठतात, मृताची इच्छा मात्र जेथे होती तेथेच राहते. एनिस यांना हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याच कथेत इस्पितळातील मॅट हा म्हातारा रुग्ण आहे. त्याच्यापाशी कसलीही युक्ती नाही आणि तो मरतो. त्याच्यामुळे नायकाचा विजय कडवट होतो. १९९३ साली त्रेसष्टाव्या अंकात कॉन्स्टंटाईनची चाळिशी साजरी करून एनिस यांनी एक महत्त्वाची गोष्ट पक्की केली. १९५३ साली जन्मलेला हा नायक प्रत्यक्ष काळाबरोबर म्हातारा होणार होता. डेलानो यांनी मृतांना जिवंत ठेवले होते, एनिस यांनी जिवंताला मर्त्य ठेवले. २००५ सालच्या 'कॉन्स्टंटाईन' चित्रपटाने एनिस यांच्या कथेतील कर्करोग उचलला आणि कथा लॉस एंजेलिसला नेली. गॅरी, ॲस्ट्रा, बाप, जुळा भाऊ यांपैकी कोणी त्या प्रवासात सोबत आले नाही.

२०१३ मध्ये तीनशेव्या अंकावर मालिका बंद झाली, तेव्हा नायक साठीला टेकला होता. लगेच 'कॉन्स्टंटाईन' या नावाची नवी मालिका निघाली. तिच्यातला मांत्रिक तरुण होता आणि त्याच संस्थेच्या महानायकांच्या जगात वावरत होता. जमीन मालकाकडे परत गेली, कुळांनी पंचवीस वर्षे लिहिलेली वही बाजूला पडली. व्यापाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मालकाला वेताळपंचविशीच हवी असते, दर गोष्टीनंतर झाडाला परत जाणारे प्रेत.

डेलानो यांचे अंक मराठीत आणायचे झाल्यास कोशात न सुटणारी एक अडचण येईल. इंग्रजीत गॅरी कॉन्स्टंटाईनला जिवंतपणी आणि मेल्यावर एकाच सर्वनामाने संबोधतो. मराठीत तो जिवंतपणी त्याला 'तू'च म्हणेल, 'अरे जॉन' म्हणूनच हाक मारेल. पण मेलेल्या गॅरीने गप्प राहून पाहणे सोडून एकदाच तोंड उघडले, तर तो 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? आपल्याकडे दुरावलेला मित्र 'तुम्ही' म्हणू लागतो आणि ते शिवीपेक्षा जास्त लागते. अनुवादकाने कोणते सर्वनाम निवडले, यावर त्या दोन अंकांतला अपराध किती जिव्हारी लागेल ते ठरेल.